ॲनव्हिल पॉइंट्सच्या टाक्या : एका प्रायोगिक शेल तेल प्रकल्पाचं प्रकरण

शेल तेलाच्या, म्हणजे तेलशेल नावाचा खडक तापवून मिळवलेल्या तेलाच्या, कुठल्याही प्रायोगिक प्रकल्पाचा अहवाल उघडा. रिटॉर्टवर, म्हणजे खडक तापवणाऱ्या भट्टीवर, पानंच्या पानं, खडकाच्या प्रतीचे तक्ते, वायूच्या तापमानाचे आलेख, आणि टाक्यांना जेमतेम एक परिच्छेद : तयार तेल टाक्यांमध्ये साठवलं जातं. बस. खरं तर रिटॉर्टमधून तेल बघता बघता बाहेर पडतं, टाकीत मात्र ते आठवडे, कधी महिने पडून असतं. कुठल्याही क्षणी आवारातलं बहुतेक सगळं तेल टाक्यांतच असतं. सांडलं तर तिथूनच सांडणार, बिघडलं तर तिथेच बिघडणार. तरीही टाकी म्हणजे माल ठेवायची जागा, एवढ्याच समजुतीवर तिच्याबद्दलचे निम्मे निर्णय कुणी न घेताच घेतले जातात. ते निर्णय कोणते, हे एका खऱ्या जागेवर नेमून पाहायचं आहे. जागा अमेरिकेतली ॲनव्हिल पॉइंट्स, काळ मुख्यतः १९७४ ते १९७८.

जागा आणि तिचे भाडेकरू

कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम भागात, गारफील्ड काउंटीत, रायफल गावाच्या पश्चिमेला रोन पठाराचे कडे उभे आहेत. कड्यांच्या वरच्या अंगाला ग्रीन रिव्हर थराचा तेलशेल उघडा पडला आहे. त्यातला ‘महोगनी’ पट्टा सगळ्यांत श्रीमंत. खाली दरीतून कोलोरॅडो नदी वाहते. १९१६ साली अमेरिकी सरकारने इथली जमीन नौदलासाठी राखून ठेवली. युद्धनौका कोळशावरून तेलावर येत होत्या आणि तेल संपलं तर काय, ही धास्ती होती. पुढे १९२४ मध्ये पायथ्याकडचा आणखी एक तुकडा जोडला, कारण कड्यावरचा खडक काढायचा तर खाली कामाला सपाट जागा हवी.

प्रत्यक्ष काम सुरू झालं ते १९४४ च्या कृत्रिम द्रव इंधन कायद्याने. त्यात ३ कोटी डॉलर आणि पाच वर्षांची मुदत होती. ब्यूरो ऑफ माइन्सने, म्हणजे खाणींच्या सरकारी संस्थेने, वायोमिंगमधल्या लॅरमीला प्रयोगशाळा काढली आणि ॲनव्हिल पॉइंट्सला खाण व रिटॉर्ट उभे केले. ‘गॅस कम्बश्चन’ जातीचा रिटॉर्ट इथेच घडला. १९५६ पर्यंत ब्यूरोने गाशा गुंडाळला. १९६४ ते १९६८ कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या संशोधन प्रतिष्ठानाने सहा तेल कंपन्यांच्या साथीने जागा चालवली. १९७२ मध्ये पराहो प्रकल्पाने ती भाड्याने घेतली, मागे सतरा कंपन्यांचा गट. पराहोच्या रिटॉर्टमधलं सुमारे १०,००० बॅरल तेल १९७५ मध्ये त्याच राज्यातल्या गॅरी वेस्टर्न शुद्धीकरण कारखान्यात गेलं. पुढच्या फेरीचं उद्दिष्ट सुमारे १ लाख बॅरलचं होतं, आणि ते तेल १९७८ साली दोन हजार किलोमीटर लांब ओहायोतल्या टोलेडोला, सोहायो कंपनीच्या कारखान्यात शुद्ध झालं. दोन्ही वेळा गिऱ्हाईक लष्कर. त्यांना विमानाचं आणि जहाजाचं इंधन शेलपासून बनतं का, ते पाहायचं होतं.

ही जंत्री देण्याचं कारण आहे. तीस वर्षांत तीन भाडेकरू, प्रत्येकाची मुदत ठरलेली, आणि जमीन कायम सरकारची. अशा जागी टाकी कुणी बांधली, कुणी वापरली आणि कोण काढणार, या तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं असतात. भाडेकरू मुदतीच्या हिशेबाने खर्च करतो. तीन वर्षांसाठी आलेला माणूस टाकीच्या तळपत्र्याला आतून लेप द्यायला सहजी तयार होत नाही.

हे तेल टाकीत गप्प बसत नाही

विहिरीतून येणारं कच्चं तेल आणि रिटॉर्टमधून येणारं शेल तेल दिसायला भाऊ-भाऊ, वागायला नाहीत. शेलमध्ये मुळात तेल नसतंच, असतं ते केरोजेन. खडक साधारण ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की केरोजेन मोडतं आणि त्यातून तेल, वायू आणि पाणी निघतं. पराहोच्या थेट जाळून तापवण्याच्या पद्धतीत तेल रिटॉर्टमधून द्रवाच्या धारेने येत नाही, वायूत तरंगणाऱ्या धुक्याच्या रूपात येतं. ते धुकं गोळा करायला कोलेसर (बारीक थेंब एकत्र आणणारं उपकरण) आणि विद्युत अवक्षेपक (विजेच्या भाराने थेंब ओढून घेणारं) लागतात. म्हणजे टाकीत उतरणाऱ्या तेलात पाण्याचे बारीक थेंब आणि खडकाची भुकटी जन्मापासूनच मिसळलेली.

त्याचे गुण असे : एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) गुरुत्व २० च्या आसपास, म्हणजे सापेक्ष घनता सुमारे ०.९३४. नायट्रोजन सुमारे २ टक्के, जो साध्या कच्च्या तेलाच्या मानाने फारच जास्त. गंधक पाऊण टक्क्याच्या आत. आर्सेनिक दशलक्ष भागांत वीस-तीस भाग. आणि टाकीवाल्याला सगळ्यांत छळणारा गुण म्हणजे २९ अंश सेल्सिअसच्या आसपास ते थिजतं. रायफलच्या हिवाळ्यात रात्रीचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. म्हणजे टाकी तापवली नाही तर नोव्हेंबर ते मार्च तिच्यात तेल नाही, मेणाचा गोळा आहे.

म्हणून टाकीत वाफेची कॉइल आणि बाहेरून इन्सुलेशन आलं. इथेच टाकी ‘माल ठेवायची जागा’ राहत नाही, ती एक यंत्र होते.

तापमान किती ठेवायचं? वरवर पाहता, जितकं जास्त तितकं पाणी लवकर खाली बसेल. थोडा हिशेब करून पाहा. २९ अंशांना पाणी आणि हे तेल यांच्या घनतेतला फरक सुमारे ०.०७. तापमान ६५ अंशांवर नेलं तर तो जेमतेम ०.०८ होतो. घनतेच्या अंगाने हाती फार काही लागत नाही. लागतं ते चिकटपणा उतरल्यामुळे. थिजण्याच्या बिंदूजवळ तेल इतकं घट्ट असतं की थेंब अडकून राहतो. ६५ अंशांना तेच तेल पातळ होतं आणि थेंब सुटतो. त्याहून वर जाण्यात मात्र तोटाच जास्त. या तेलात डायोलेफिन आणि नायट्रोजनची संयुगं भरपूर, ती उष्णतेने एकमेकांत गुंततात आणि गोंद धरतो. हलके घटक व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवा खेळायच्या तोंडातून, उडतात. आणि चुकून तापमान १०० च्या वर गेलं, खाली पाण्याचा थर असला, तर त्या पाण्याची एकदम वाफ होऊन टाकी छपरातून फेसाळत बाहेर येते. टाकीवर काम केलेल्या कुणालाही फ्रॉथओव्हर हा शब्द पुरतो. तेव्हा खाली २९ ची भिंत, वर शंभरची, आणि मधल्या पट्ट्यातही गोंदाकडे एक डोळा. ऑपरेटरला हे तापमान नेमून देणं आणि त्याची नोंद ठेवणं हे रिटॉर्टच्या तापमानाइतकंच महत्त्वाचं काम आहे.

लष्कराच्या दोन फेऱ्यांमध्ये हा मुद्दा कसा उतरला ते पाहण्यासारखं आहे. १९७५ च्या फेरीतल्या इंधनांना साठवणुकीत टिकण्याच्या आणि गोंदाच्या अडचणी आल्या. १९७८ ला टोलेडोत सोहायोने आधी तेल तापवलेल्या टाकीत ठेवून पाणी आणि भुकटी खाली बसू दिली, मग आर्सेनिक अडवणाऱ्या थरातून नेऊन अख्ख्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली, ऊर्ध्वपातन केलं आणि शेवटी आम्ल व मातीने धुतलं. त्या साखळीची पहिली कडी एक टाकीच होती. फरकाचं मोठं श्रेय हायड्रोजनला जातं, हे खरं. पण भुकटी आणि आर्सेनिक घेऊन तेल तसंच उत्प्रेरकावर गेलं असतं तर हायड्रोजनलाही फार वेळ काम करता आलं नसतं.

तापवलेल्या टाकीची छोटी दुखणी वेगळीच. व्हेंटच्या जाळीवर मेण आणि अमोनियाचे क्षार धरतात. हिवाळ्यात सकाळी पंप लावला, तेल उपसायला सुरुवात झाली आणि व्हेंट बंद असला, तर आत पोकळी होते. वातावरणीय दाबाची लहान टाकी पाण्याच्या दोन-तीन सेंटीमीटर उंचीइतकी पोकळीही जेमतेम सोसते. त्यापुढे कवच आत चेपतं. तरंगत्या गेजचा तारा थिजलेल्या तेलात अडकला की पातळी वाढत असताना काटा जागच्या जागी राहतो. म्हणून इथे माणसाने वर चढून टेपने डिप घेणंच भरवशाचं. पण वर चढलेल्या माणसाच्या नाकाशी हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया येतात, तेव्हा एकट्याने चढायचं नाही आणि वाऱ्याची दिशा पाहून उभं राहायचं. इन्सुलेशनच्या आत पाणी शिरलं तर पत्रा बाहेरून सडतो आणि तो दिसत नाही. तळाशी साचलेलं रिटॉर्टचं पाणी खारट, अमोनियायुक्त. ते आतून खातं. पाणी रोज काढणं हा कंटाळवाणा उपाय आहे, आणि त्याहून चांगला दुसरा नाही.

नियम आला तेव्हा

योगायोग असा की पराहोचे रिटॉर्ट उभे राहत होते त्याच सुमारास अमेरिकेत तेलगळती प्रतिबंधाचा नियम लागू झाला. पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, तो ११ डिसेंबर १९७३ ला प्रसिद्ध केला आणि १० जानेवारी १९७४ पासून तो अमलात आला. केंद्रीय नियमसंग्रहातला ४० सीएफआर भाग ११२, बोलीभाषेत एसपीसीसी (स्पिल प्रिव्हेन्शन, कंट्रोल अँड काउंटरमेझर). चालू प्रकल्पांना सहा महिन्यांत आराखडा तयार करायचा होता आणि वर्षभरात तो अमलात आणायचा. आराखड्यावर नोंदणीकृत व्यावसायिक अभियंत्याची सही लागे.

लहान प्रयोगाला हा नियम लागतो का? जमिनीवरच्या सगळ्या टाक्यांची एकूण क्षमता १,३२० गॅलनपेक्षा जास्त असली की लागतो. १,३२० गॅलन म्हणजे साडेएकतीस बॅरल, सुमारे ५,००० लीटर. हिशेबासाठी धरू की रिटॉर्टमध्ये रोज ३०० टन खडक जातो आणि टनाला २८ गॅलन तेल निघतं. दिवसाला ८,४०० गॅलन, म्हणजे २०० बॅरल. रिटॉर्ट सुरू झाल्यापासून पावणेचार तासांत १,३२० गॅलन तेल हातात येतं. शिवाय नियम क्षमता मोजतो, आतलं तेल नाही. रिकामी उभी टाकीही मोजली जाते. ‘आम्ही फक्त प्रयोग करतो’ ही सबब इथे पहिल्याच पाळीत संपते.

सरकारी जमीन, सरकारी गिऱ्हाईक, मग सूट? नाही. केंद्र सरकारच्या खात्यांनाही हा नियम इतर कुणाइतकाच लागू होतो. मूळ नियमात वगळली होती ती फक्त दिवाणी दंडाची तरतूद. आणि भाडेकरू कंपनीला तर तीही सवलत नव्हती.

पाण्यापर्यंत तेल जाणार नाही, कारण भोवती बांध आहे, असं म्हणता येईल का? हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारतोच. नियमात उत्तर सरळ आहे : तेल पाण्यापर्यंत पोचू शकतं का, हे ठरवताना माणसाने बांधलेली गोष्ट हिशेबात धरायची नाही. बांध नाही असं समजून बघायचं. ॲनव्हिल पॉइंट्सला उतार दरीकडे, ओढे नदीकडे. मग वेगळं काय सिद्ध करायचं?

वादाला खरी जागा पुढे आहे. नियम दोन प्रकारच्या आवारांना दोन मापं लावतो. तेलक्षेत्रातल्या उत्पादन-आवारातल्या टाक्या ठरावीक काळाने डोळ्यांनी तपासल्या की भागतं. बाकीच्या साठवण-टाक्यांची मजबुती ठरलेल्या वेळापत्रकाने तपासावी लागते, आणि त्यात पत्र्याची जाडी मोजण्यासारख्या चाचण्या येतात. नियमाच्या आजच्या रूपात ‘उत्पादन-आवार’ म्हणजे तेल काढणं, मिळवणं, वेगळं करणं यासाठीची तेल किंवा वायू क्षेत्रातली साधनं. शेलवाला म्हणेल, आम्हीही खडकातून तेलच काढतो, तेव्हा आम्ही पहिल्या गटात. मला हे पटत नाही. खडकात असतं ते केरोजेन. तेल बनतं रिटॉर्टमध्ये. खाण ही खाण आहे, रिटॉर्ट हा कारखाना आहे आणि त्याच्यापुढची टाकी कारखान्याची टाकी. शिवाय मोकळं माप मागण्याचं कारण शोधावं तर ते उलटंच निघतं : हे तेल साध्या तेलापेक्षा तळपत्र्याला जास्त खातं. ज्या टाकीला तपासणी जास्त लागते तिला कमी तपासणीच्या रांगेत उभं करायचं, हा हट्ट कशासाठी?

दुसरा कीस प्रक्रियेच्या भांड्यांवर. ज्यातून तेल वाहत जातं अशी उत्पादनयंत्रं साठवण-टाकीत मोडत नाहीत. कोलेसर, अवक्षेपक यांना ही सवलत रास्त आहे. मग अवक्षेपकाखालची टाकी, जिच्यात तेल बारा तास थांबतं आणि पाणी वेगळं होतं, ती काय? प्रक्रियेच्या सुरुवातीला तेल देणारी किंवा शेवटी घेणारी टाकी साठवणच धरली जाते. आवारात फेरफटका मारून प्रत्येक टाकीपुढे उभं राहून हे ठरवावं लागतं, नकाशावर ठरत नाही.

आणि रिटॉर्टच्या पाण्याची टाकी? सांडपाणी शुद्धीकरणासाठीच वापरली जाणारी टाकी नियमातून वगळली आहे. पण त्याच वाक्याला शेपूट आहे : तेल मिळवणं किंवा पुन्हा वापरात आणणं म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण नव्हे. पाण्याच्या टाकीवर तरंगणारं तेल रोज खरवडून विक्रीच्या टाकीत घालत असाल तर ती टाकी मोजणीत आली. प्रायोगिक प्रकल्पात तर प्रत्येक बॅरल उताऱ्याच्या हिशेबात धरायचा असतो, त्यामुळे ते तेल कुणी सोडत नाही.

प्रायोगिक जागेला या नियमाचा सर्वांत मोठा जाच मात्र वेगळाच असतो. आवारात बदल झाला की आराखडा सहा महिन्यांत सुधारायचा. शुद्धीकरण कारखान्यात पाइप वर्षानुवर्षं त्याच जागी असतो. प्रयोगात महिन्याला जोडणी बदलते : या फेरीत तीन नंबरची टाकी जड तेलाला, पुढच्या फेरीत पाण्याला, त्यापुढे रिकामी. आराखड्यातलं चित्र आणि आवारातली टाकी यांची गाठ पडेनाशी होते. रात्री गळती झाली तर जो माणूस व्हॉल्व्ह बंद करायला धावतो त्याच्या हातात जुनं चित्र असतं. यावर मोठा उपाय नाही. टाकीवर खडूने का होईना, आज आत काय आहे आणि किती अंशांवर आहे ते लिहिणं आणि पाळी बदलताना ते वाचून दाखवणं, एवढं केलं तरी सहीच्या आराखड्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

बांधाचा हिशेब आणि ‘तेल थिजेल’ ही समजूत

बांधाच्या आत सगळ्यांत मोठ्या एका टाकीतलं तेल मावलं पाहिजे आणि वर पावसासाठी जागा राहिली पाहिजे. हिशेबासाठी चार टाक्या घेऊ, प्रत्येकी १,००० बॅरलची, एपीआय १२डी मानकातल्या मापाची : व्यास ६.५५ मीटर, उंची ४.८८ मीटर. बांधाच्या आतली जागा २५ मीटर बाय २० मीटर, म्हणजे ५०० चौरस मीटर. एक टाकी फुटली तरी उरलेल्या तीन जागेवर उभ्याच राहतात आणि प्रत्येकी ३४ चौरस मीटर अडवतात. ही वजाबाकी विसरणारे पुष्कळ. मोकळी जागा राहिली साधारण ३९८ चौरस मीटर. १,००० बॅरल म्हणजे १५९ घनमीटर. उंची आली ४० सेंटीमीटर. ५० मिलिमीटर पाऊस धरला तर ५०० चौरस मीटरवर २५ घनमीटर, आणखी सहा सेंटीमीटर. साठ सेंटीमीटरचा मातीचा बांध कागदावर पुरतो.

पण माती तेल धरून ठेवते का, हे उंचीत दिसत नाही. नियम बांध पुरेसा अभेद्य हवा म्हणतो. कड्याच्या पायथ्याची जमीन म्हणजे घसरून आलेली खडी आणि शेलचे तुकडे. त्यातून पातळ तेल सहज झिरपतं. इथेच अनुभवी माणूस हसून सांगतो : अहो, हे तेल २९ अंशांना थिजतं, जमिनीवर पडलं की दगड होईल, जाणार कुठे?

उत्तर आकड्यांतच आहे. टाकीत १,००० बॅरल म्हणजे सुमारे १४८ टन तेल ६० अंशांवर आहे. ते २९ अंशांवर यायला सुमारे ८.७ अब्ज ज्यूल उष्णता जावी लागते. बांधभर पसरलेल्या तेलाच्या पृष्ठावरून चौरस मीटरला ३०० वॅट उष्णता जाते असं धरलं तर या सगळ्याला वीस तासांच्या आसपास लागतात. वर साय धरली की तीच पांघरूण होते आणि वेळ आणखी वाढतो. तळाशी, खडीला लागून, तेल कितीतरी वेळ पातळ राहतं. हा ढोबळ हिशेब आहे, जमिनीतून जाणारी उष्णता त्यात नाही. ती धरून वेळ निम्मा झाला तरी दहा तास उरतात. आणि हे हिवाळ्यात. जुलैत रायफलच्या उन्हात जमीनच २९ अंशांच्या वर असते. थिजण्याचा फायदा आहे तो ठिबकणाऱ्या सांध्याला : थेंब थेंब गळणारं तेल जागीच घट्ट होतं आणि सकाळी फावड्याने उचलता येतं. भरलेल्या टाकीला हा नियम लावायचा नाही.

बांधातलं पाणी सोडण्याची गोष्ट तर मला या प्रकरणातली सगळ्यांत फसवी वाटते. बांधाचा ड्रेन व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, पाऊस पडून गेला की पाणी पाहायचं, वर तेलाचा तवंग नसेल तर सोडायचं, नोंद करायची आणि व्हॉल्व्ह पुन्हा बंद. हा नियम तेलाचा आहे, आणि तेल चमकतं. पण रिटॉर्टच्या पाण्याचा पाइप बांधात गळत असेल, तर त्यातला अमोनिया, फिनॉल आणि आर्सेनिक पाण्यात विरघळलेले असतात. त्यांना तवंग नसतो. माणूस वाकून पाहतो, पाणी स्वच्छ दिसतं, व्हॉल्व्ह उघडतो, वहीत ‘तवंग नाही’ लिहितो. सगळं नियमाप्रमाणे आणि ओढ्यात मात्र विष. शेल तेलाच्या बांधाला डोळ्यांशिवाय आणखी एक चाचणी लागते. किमान सामू आणि अमोनिया तपासल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, ही अट आराखड्यात आपण होऊन घालावी लागते.

जुना पत्रा

टाकीच्या पूर्वायुष्याकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, हे दाखवणारी घटना शेल प्रकल्पातली नाही, डिझेलच्या टाकीची आहे. २ जानेवारी १९८८, पेनसिल्व्हेनियातलं फ्लोरेफ, ॲशलंड ऑइलचं आवार. ४० लाख गॅलनची टाकी, सुमारे चाळीस वर्षं जुनी, दुसरीकडून उखडून आणून पुन्हा जोडलेली. पूर्ण उंचीपर्यंत पाणी भरून चाचणी झाली नव्हती. थंडीत भरता भरता पत्र्यातल्या जुन्या दोषापासून तडा निघाला आणि टाकी क्षणात उभी फाटली. तेल बांधात भरत गेलं नाही, लाटेसारखं बांधावरून उडालं. सुमारे १० लाख गॅलन बांधाबाहेर गेलं आणि त्यातलं बरंचसं मोनोंगहेला नदीत. जुन्या टाक्यांच्या तपासणीचं एपीआय ६५३ हे मानक १९९१ मध्ये आलं, आणि ईपीएच्या नियमातही पुढे ठिसूळ तुटण्याचं मूल्यमापन शिरलं.

हे उदाहरण प्रत्येक लहान टाकीला जसंच्या तसं लावणं मात्र बरोबर नाही. पत्रा अर्धा इंच किंवा त्याहून पातळ असेल तर ठिसूळ तुटण्याचा धोका फार कमी धरला जातो, आणि १,००० बॅरलच्या टाकीचा पत्रा त्याच्या निम्म्याइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. प्रायोगिक आवारात टाकी फाटण्याआधी तळातून गळू लागण्याचीच शक्यता जास्त. फ्लोरेफमधून घ्यायचं ते दुसरंच. बांधाचा हिशेब शांत तेलाचा असतो. आणि टाकीबरोबर तिचे कागद आले नाहीत, पोलाद कुठलं, वेल्डिंग कधीचं, आधी आत काय होतं हे कळलं नाही, तर ती स्वस्त टाकी नव्हे. भाडेकरू बदलत जाणाऱ्या जागेवर नेमके हेच कागद आधी हरवतात.

फेरी संपल्यावर

२ मे १९८२ ला एक्सॉनने जवळचाच कॉलनी प्रकल्प बंद केला आणि त्या खोऱ्यातल्या शेलचा बाजार एका दिवसात बसला. ॲनव्हिल पॉइंट्सही थांबलं आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तिथली उभारणी उतरवण्यात आली.

टाकी बंद करणं म्हणजे व्हॉल्व्ह बंद करणं नव्हे. नियमात ‘कायमची बंद’ टाकी तीच, जिच्यातलं आणि जोडलेल्या पाइपांतलं सगळं द्रव आणि गाळ काढलेला आहे, पाइप तोडून तोंडं झाकणाने पक्की बंद केली आहेत, व्हॉल्व्ह कुलूपबंद आहेत आणि बंद केल्याच्या तारखेसह ठळक पाटी लावलेली आहे. यातला गाळ हा शब्द शेल तेलाला महागात पडतो. दशलक्ष भागांत २५ भाग आर्सेनिक धरलं तर १,००० बॅरल तेलाबरोबर पावणेचार किलो आर्सेनिक टाकीतून जातं. १ लाख बॅरलबरोबर पावणेचारशे किलो. बरंचसं तेलात विरघळलेलं असतं आणि गिऱ्हाइकाकडे जातं. पण भुकटी आणि मेणाचा जो थर तळाशी बसतो तो उपसून साध्या तेलाच्या गाळाबरोबर टाकून देता येत नाही. त्याची तपासणी आणि विल्हेवाट हा खर्च फेरीच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवशी धरावा लागतो, कारण शेवटच्या दिवशी पैसे देणारं कुणी उरत नाही.

ॲनव्हिल पॉइंट्सला हे प्रत्यक्षात दिसलं, टाक्यांपेक्षा जास्त रिटॉर्टमधून निघालेल्या शेलच्या ढिगाऱ्यात. त्यात आर्सेनिक होतं आणि तो ओढ्याच्या काठावर पडला होता. १९९७ च्या कायद्याने ही जमीन ऊर्जा खात्याकडून सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या इंटिरिअर खात्याच्या भूव्यवस्थापन विभागाकडे गेली, आणि ढिगारा हलवून बंदिस्त करण्याचं काम त्या विभागाच्या गळ्यात पडलं. पैसा शेल तेलातून आला नाही. त्याच जमिनीखालच्या नैसर्गिक वायूचे पट्टे भाड्याने दिले, आणि सफाईचा खर्च वसूल होईपर्यंत त्या उत्पन्नातला कोलोरॅडो राज्याचा वाटा अडवून ठेवला गेला.